कोरी ठेवलेली वर्तुळं

माझ्या मामांनी माझ्या सख्ख्या बहिणीला फसवलं. दवाखान्यात, तपासणाऱ्या बाईंच्या समोर, खुर्चीत ताठ बसून, गोड आवाजात फसवलं. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. ते दोनदा खोटं बोलले, त्यातलं एक मला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि मी गप्प बसले. तेव्हा या प्रकरणात पहिलं नाव मामांचं असलं, तरी दुसरं माझं आहे. ते मी लपवणार नाही. लपवण्याचंच तर सगळं झालंय.

एकोणतिसाव्या वर्षी कसलं आत्मकथन लिहितेस म्हणून लोक हसतात. हसोत बापडे. आमची मावशी एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, आजी चव्वेचाळिसाव्या, आई एक्कावन्नाव्या. आई सगळ्यांत जास्त जगली. या हिशेबाने माझं अर्ध्याहून जास्त झालंय. आमच्या घरातल्या बायकांनी म्हातारपणाची वाट बघत बसायचं नसतं, लिहायचं ते आत्ताच लिहायचं.

आम्ही मलकपेठेत राहायचो, अजूनही राहतो. आमचे आजोबा-पणजोबा बिदरकडचे कुणबी. हैदराबादला आले आणि शहराचेच झाले. अप्पा मी सहा वर्षांची असताना रस्त्यावरच्या अपघातात गेले. मागे उरलो आई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी ताई आणि मी. दोन खोल्या, पुढे लांबट ओसरी. त्या ओसरीतच आईने लोणच्याचा धंदा उभा केला. मार्च संपत आला की घराचा वासच बदलायचा. मोहरी, मेथी, हिंग, तापवून गार होत ठेवलेलं तेल. आमच्याकडे दोन्ही लोणची व्हायची. मराठी घरांसाठी गूळ घातलेलं, आणि तेलुगू गिऱ्हाइकांसाठी लालभडक तिखट आवकाय. बाजारात कैऱ्या फोडून देणारी माणसं ओळीने बसलेली असायची. कोय फुटण्याचा तो खट्‌ खट्‌ आवाज म्हणजे माझ्या बालपणाचा आवाज. ताई फोडी पुसायची, आई मसाला कालवायची, आणि भाव करायला मला पुढे धाडायचे. कारण मी भांडायची. पंधराव्या वर्षी मी गंजातल्या, म्हणजे ठोक बाजारातल्या, मिरचीच्या व्यापाऱ्याला पोतं पूर्ण उलटं करायला लावलं होतं. वर चांगली मिरची आणि खाली फिकट, हे मी वासावरून ओळखलं होतं. तो म्हणाला, "ये छोकरी है या पंचायत?" आई घरी येईपर्यंत हसत होती. आई गेल्यावर तोच धंदा मी वाढवला. ओसरीतून दुकानात नेला, दुकानातून अंबरपेठेपर्यंत. कुणाच्या बापाच्या मदतीने नाही. मामांच्या तर नाहीच नाही.

मामा म्हणजे दिगंबरमामा, आईचे थोरले भाऊ. चिक्कडपल्लीत राहतात, सरकारी खजिन्यात नोकरी करून निवृत्त झाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं शांत. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं मामांनी जमवली आहेत. मुलीकडून बोलायला तेच बसायचे. मुलीचं शिक्षण कमी असलं तर ते तिच्या स्वयंपाकावर बोलत, वडिलांची नोकरी गेलेली असली तर आजोबांच्या शेतावर. खोटं बोलतायत असं वाटायचंच नाही. त्यांच्या मांडणीचं मला फार कौतुक होतं. मीही माल विकणारीच. फुटकी फोड बरणीच्या तळाशी घालायची असते, काचेला लावून नाही, हे मला कळत होतं.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आमच्या घरात ते नाव कोणी घेत नसे. "तो आजार" म्हणायचे, तेही आवाज खाली आणून. ती गेली आणि तिच्याच डॉक्टरांनी निरोप दिला, मुलींना एकदा घेऊन या, घराण्याची माहिती लिहून घ्यायची आहे. मामा बरोबर आले. येणारच. घरात कर्ता पुरुष नाही, मोठ्यांसमोर मुलींनी बोलायचं नाही. लावण्या नावाच्या बाई होत्या, तेलुगू, बोलायला मऊ. त्यांनी एक मोठा कागद घेतला. बायकांसाठी वर्तुळ, पुरुषांसाठी चौकोन. ज्याला कॅन्सर झाला त्याचं वर्तुळ किंवा चौकोन काळा करायचा. आईचं वर्तुळ त्यांनी काळं केलं. मी ते बघत होते. पेन गोल गोल फिरत होतं.

"आईची आई?" त्यांनी विचारलं.

"बाळंतपणात गेली," मामा म्हणाले.

"आईच्या बहिणी?"

"एकच. विहिरीत पाय घसरून गेली बिचारी."

मी मामांकडे बघितलं. मावशी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचं पोट पाण्याने टम्म फुगलं होतं, पाय काड्यांसारखे झाले होते. मी तिच्या उशाशी बसून तिला संत्र्याच्या फोडी भरवत असे. कुठली विहीर? पण मामांचा चेहरा असा शांत, की क्षणभर मला वाटलं, मीच स्वप्न बघितलं असेल. आणि खरं सांगू? दुसऱ्याच क्षणी मला कळलं ते काय करतायत. ताईसाठी स्थळं बघणं चालू होतं, त्यांच्या मुलीसाठी, पल्लवीसाठीही. दवाखान्यातला कागद उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. मामा त्या बाईंसमोर स्थळच मांडत होते. आणि मी मनात म्हटलं, वा, काय माणूस आहे.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "मामा, मावशी तर..."

"सुषमा," मामा म्हणाले, "दवाखान्यात विचारतात तेवढंच सांगावं. जास्तीचं सांगितलं की जास्तीच्या तपासण्या लावतात."

हे मला पटलं. माझ्यासारख्या बाईला हेच पटणार.

त्या कागदावर काळं वर्तुळ एकच राहिलं. आईचं. त्यामुळे ताईचं नाव साध्या यादीत गेलं. वर्षातून एकदा येऊन तपासून जा, एवढंच. पहिल्या वर्षी ती जाऊन आली, काही निघालं नाही. दुसऱ्या वर्षीची तारीख एप्रिलमधली होती. आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना मी काय सांगणार. पण भीतीला प्रत्येक घरात वेगळा आवाज होता, आमच्या घरातला सांगते. पहाटे रेसकोर्सकडून टापा ऐकू यायच्या, त्या थांबल्या. लोकल थांबली. फोन लावला की पलीकडून माणसाच्या आधी खोकला यायचा, मग सूचना, मग माणूस. मला त्या खोकल्याची इतकी धास्ती बसली की मी फोन कानापासून लांब धरायची. मागच्या गल्लीत एक जण सापडला तर गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. हातोड्याचे घाव आमच्या ओसरीत ऐकू येत होते. ताई भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, मी दुधाची पिशवी साबणाने धुवायची. आणि तरीही आम्ही लोणचं घातलं. कैऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. सकाळी बाजार थोडा वेळ उघडायचा, त्यात मी तोंडाला दुपट्टा बांधून दोन पोती आणली. फोडणारी माणसं गावाकडे गेलेली. आम्ही दोघींनी घरीच कोयत्याने फोडल्या.

एप्रिलमध्ये दवाखान्यातून फोन आला. तपासणी पुढे ढकलली आहे. ज्यांच्या घराण्यात धोका जास्त आहे त्यांनाच सध्या बोलावतोय, बाकीच्यांनी घरीच थांबावं, बाहेर पडण्यातच जास्त धोका आहे.

"काही तक्रार आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही, सगळं ठीक," ताई म्हणाली. फोन ठेवून ती चक्क हसली. "सुटले बाई. आत्ता दवाखान्यात कोण जाईल मरायला?"

मीही हसले. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

आवकायची मोठी बरणी आईच्या वेळची. चिनी मातीची, भरली की दोघींना उचलावी लागते. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ती कपाटाखाली सरकवत होतो. ताई नेहमी डाव्या बाजूला, मी उजव्या. त्या दिवशी तिने जागा बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी मसाला कालवताना तिने परात उजव्या मांडीवर घेतली. तिसऱ्या दिवशी वाळत घातलेला फडका काढायला डावा हात वर केला आणि अर्ध्यातच खाली आणला. मी मिरचीचं पोतं वासाने ओळखणारी बाई. माणसाला ओळखायला मला तीन दिवस लागले.

"हात वर कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"कर म्हणते ना!"

"ओरडू नकोस कंचू. शेजारी ऐकतील, वाटेल घरात कुणाला झालंय."

"कधीपासून आहे?"

ती फडक्याची घडी करत राहिली. चार पदरी झाली तरी करत राहिली. "मार्चपासून. आधी हरभऱ्याएवढं होतं."

"आणि तू फोनवर सगळं ठीक सांगितलंस?"

"मग काय सांगू? आई त्या दवाखान्यात गेली. आता तिथे दुसरंही भरलंय. आणि पल्लवीचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. आत्ता हे बाहेर पडलं तर ते लोक काय म्हणतील? बहिणीला आहे तर हिलाही असेल. होऊ दे ना लग्न. मग जाऊ."

मी तिच्या अंगावर काय काय ओरडले ते लिहीत नाही. मग तिने माझा हात धरून गाठीवर ठेवला. आवळ्याएवढी होती. हलत नव्हती. मी ओरडायची थांबले.

त्या दिवसापासून मला दोन भीत्या होत्या आणि त्यांची तोंडं एकमेकींकडे होती. दवाखान्यात नेलं तर तिथून करोना घेऊन येईल, न नेलं तर ही वाढेल. ताई झोपली की मी तिचा श्वास मोजायची, आणि कशासाठी मोजतेय हे मलाच कळायचं नाही. फोन करून करून माझी बोटं दुखली. खोकला, सूचना, मग मुलगी. "तुमच्या फाइलमध्ये फक्त आई आहे मॅडम. साधी यादी. पुढच्या महिन्यात ओपीडी उघडली की या." गाठ आहे म्हटलं तर म्हणाली, या वयात बहुतेक गाठी साध्या असतात, डॉक्टर फोनवर बोलतील. मी विनवलं, धमकावलं, रडलेसुद्धा. सगळ्या युक्त्या वापरल्या. त्या मुलीच्या समोर माझा आवाज नव्हता, एक कागद होता, आणि त्यावर एकच काळं वर्तुळ.

अशाच एका संध्याकाळी मामींचा फोन आला, लग्नासाठी लोणचं किती लागेल ते सांगायला. वीस माणसांचं लग्न, घरातल्या घरात, नवरामुलगा अंबरपेठेतलाच. मामी मोजक्या बोलणाऱ्या. मला राहवलं नाही, सांगून टाकलं. मग त्या खालच्या आवाजात बोलू लागल्या.

"तुझ्या आजीलाही तिथंच होती गं. मी नवी नवरी होते. तिच्या छातीच्या पट्ट्या मीच बदलायची. वास यायचा म्हणून यांनी कापूर ठेवायला सांगितला होता."

"आजी बाळंतपणात गेली ना?"

"कुठलं बाळंतपण? चव्वेचाळीस वर्षांची होती ती." मग घाईघाईने, "मी सांगितलं म्हणू नकोस हं."

मी मामांना फोन लावला.

"मामा, आजीला काय झालं होतं?"

"जुन्या गोष्टी काय उकरून काढायच्या?"

"ताईला गाठ आहे. दवाखाना घेत नाही, कारण तुम्ही दोन वर्तुळं कोरी ठेवली. एक फोन करा. सांगा, मी खोटं बोललो."

"कांचन, जरा समजून घे. पल्लवीच्या सासरचे चुलते त्याच दवाखान्यात ये-जा करतात. दहा दिवस. दहा दिवसांनी मी स्वतः नेतो सुषमाला."

"दहा दिवसांत काय होतं ते तुम्ही पाहिलंय ना? कापूर कशाला ठेवला होता?"

त्यांनी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भाव करताना कुणीतरी मध्येच उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यूसुफभाईंची रिक्षा घेतली. ते आमच्या बरण्या पोचवायचे. रिक्षा बंदच होत्या, पण त्यांनी विचारलंही नाही. "बाजी, डरना नक्को. पोलीस पूछे तो मैं बोलता, दवाखाना जा रै." दोनदा अडवलं. दुसऱ्या नाक्यावर शिपायाने काठीनेच खूण केली, परत जा. ताईने मान खाली घातली होती. यूसुफभाई त्याला म्हणाले, "साब, इनकी अम्मी को भी मैं-इच लेके गया था. वापस मैं-इच लाया." कशी परत आणली ते त्यांनी सांगितलं नाही. शिपायाने काठी बाजूला घेतली.

दवाखान्याच्या फाटकावर आत सोडेनात. मी फाटकाला धरून लावण्याबाईंच्या नावाने ओरडले. एवढी भांडणं केली, पण इतकं भेकून कधी ओरडले नव्हते. शेवटी त्या आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, तोंडावर काच. मी ओळखलं नाही, त्यांनी ओळखलं. बाहेरच्या मांडवात सहा हात अंतरावर खुर्च्या ठेवल्या आणि तोच कागद काढला.

"आजी," मी म्हटलं. "छातीचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी. मावशी, तोच आजार पोटात, पोट फुगून. एक्केचाळिसाव्या. विहिरीत नाही."

त्यांनी पेन उघडलं. पहिलं वर्तुळ काळं केलं. दुसरं करताना त्यांचा हातमोजा कागदाला चिकटला. मग त्या कागदाकडे बघत राहिल्या. काचेमागे त्यांचे डोळे मला दिसत होते.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "हे आधी सांगितलं असतं तर रक्त तेव्हाच तपासलं असतं. आणि सुषमा जास्त धोक्याच्या, पहिल्या यादीत असती. पहिल्या यादीतल्या सगळ्या बायका एप्रिलमध्ये येऊन गेल्या."

ताई माझ्याकडे बघत नव्हती. मांडवाच्या कापडावर एक कावळा बसला होता, त्याच्याकडे बघत होती. "कंचू," ती म्हणाली, "मावशीचं मलाही माहीत होतं ना गं."

त्या दिवशी तिला आत घेतलं. पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगण्याची ताकद नाही. गाठ साधी नव्हती, काखेत पोचली होती. रक्त तपासलं तर जनुकातला दोष आजीकडून आईत, आईकडून तिच्यात आला होता. केमो चालू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगातली लढायची शक्ती आता शून्यावर येणार, हिला कुणाचा वारा लागू देऊ नका. पहिल्या यादीतल्या बायका घरात सुरक्षित बसल्या होत्या, आणि ताईला दर तीन आठवड्यांनी त्या रोगराईच्या मधून न्यावं लागत होतं. मी दुकान बंद केलं. वर्षभर तिच्याखेरीज कुणाच्या जवळ गेले नाही. लोणचं तिने चाखायचं नाही असं सांगितलं होतं. ती नुसता बरणीचा वास घ्यायची.

ताई आहे. औषधावर आहे. दर सहा महिन्यांनी तपासायला जातो, निकाल येईपर्यंत माझ्या तोंडाला चव नसते. परवा ती बरणी उचलायला आली, मी ओरडले, तर म्हणाली, "अगं, उजव्या बाजूने धरते ना." माझंही रक्त तपासलं. माझं वर्तुळ अजून पांढरं आहे, पण त्यात एक ठिपका आहे. ठिपक्याचा अर्थ, दोष आहे, आजार नाही, अजून. काय कापून घ्यायचं आणि कधी, ते माझं मी ठरवतेय.

पल्लवीचं लग्न ठरल्या दिवशी झालं. तिला आता एक मुलगी आहे. लावण्याबाईंनी मला समजावून सांगितलं की हा दोष पुरुषांमधूनही पुढे जातो. आजीचा मुलगा म्हणजे मामा, मामांची मुलगी म्हणजे पल्लवी. नातेवाइकांना द्यायचं एक पत्र त्यांनी दिलं. मी ते स्वतः चिक्कडपल्लीला नेऊन मामांच्या हातात दिलं. त्यांनी न उघडता देवघराच्या फळीवर ठेवलं. मागच्या गणपतीत गेले तेव्हा ते तिथेच होतं, पाकिटावर हळदीचं बोट उमटलेलं.

पल्लवीला मीच का सांगत नाही? कारण ताईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली आहे. पल्लवीचा संसार आपल्या तोंडून मोडायचा नाही, सांगायचं तर तिच्या बापाने. मी बोलायचं नाही अशी शपथ आहे. लिहायचं नाही अशी नाही. पल्लवी इंग्रजी शाळेत शिकली, तिला मराठी वाचता येत नाही. मामांना येतं. ते मराठी पुस्तक सोडत नाहीत, हेही हातात पडेल.

तेव्हा मामा, हे तुमच्यासाठी आहे. माझा शेवटचा भाव सांगते, यात घासाघीस नाही. हे पुस्तक छापून येईपर्यंत तुम्हाला मुदत. ते पाकीट फळीवरून काढा, पल्लवीला समोर बसवा आणि वाचून दाखवा. त्यानंतर मी शपथ मोडणार, ताईच्या समोर मोडणार. लावण्याबाईंच्या कागदावर तुमचा चौकोन आहे, त्याच्याखाली पल्लवीचं वर्तुळ, आणि त्याच्याखाली एक अगदी लहान. तिन्ही कोरी आहेत. मला सांगा, ती कोरी आहेत की तुम्ही ठेवली आहेत?